आधी कुठला रंग?

आमच्या देव्हाऱ्याच्या वर लक्ष्मीचे एक जुने चित्र आहे. कमळावर उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळे, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. आईच्या लग्नात तिच्या माहेरच्यांनी ते रुखवतात मांडले होते म्हणे. आजवर काच दोनदा बदलली, चौकटीला एकदा वाळवी लागली. पण लक्ष्मीच्या चेहऱ्यावरचा तजेला काही गेला नाही. चित्राच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असे छापलेले आहे. पाचवीत एबीसीडी शिकल्यावर मी आपणहून वाचलेली पहिली इंग्रजी ओळ ती हीच. त्यावरून मी एवढाच निष्कर्ष काढला, की लक्ष्मी लोणावळ्याला राहते. पुढे बँकेत नोकरी लागली, बदली होऊन चाकणच्या शाखेत आलो, आणि शेतांच्या जागी कारखान्यांच्या शेड उभ्या राहताना पाहिल्यावर वाटले, आता ती बहुधा चाकणला राहायला आली असावी.

निवृत्तीनंतर माणसे काय काय करतात! कोणी पेटी शिकतो, कोणी शेअर बाजारात हात पोळून घेतो. मी कादंबऱ्या लिहीत होतोच, त्यामुळे रिकामपण असे नव्हते. पण एक गोष्ट मनात राहून गेली होती. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली, आणि तिचा एकटीचा असा एकच फोटो घरात आहे. तो तिच्या पासबुकावरचा. पासपोर्टच्या आकाराचा, काळा-पांढरा, आणि उजव्या कोपऱ्यावर बँकेचा गोल शिक्का. तो शिक्का मारणारा मीच. त्या फोटोवरून आईचे तैलरंगातले व्यक्तिचित्र करायचे, आणि तेही आपल्या हाताने, असे मी ठरवले. वयाच्या साठीनंतर असले हट्ट सुचतात.

शिकायला गेलो ते चाकणच्या एका पेंटरकडे. सगळे त्यांना नुसते पेंटरच म्हणतात. एके काळी दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची मोरपिसे, कंपन्यांच्या गेटवरच्या सुरक्षेच्या सूचना, पुढाऱ्यांचे दहा-दहा फुटी चेहरे, सगळे त्यांच्या हातचे असे. मग फ्लेक्स आले. दोन दिवसांचे काम यंत्र दहा मिनिटांत करू लागले. तेव्हा ते माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसले आणि मी त्यांना यंत्रासाठी कर्ज घ्यायचा सल्ला दिला. काळाबरोबर चालायला हवे, वगैरे मी बरेच बोललो. प्रकरण मंजूरही मीच केले. दोन वर्षांत त्यांच्याहून मोठी आणि वेगवान यंत्रे बाजारात आली, दर पडले, हप्ते थकले. नोटिशीवर सही माझी होती. यंत्र लिलावात गेले.

अशा माणसाकडे शिकायला जायला पाय उचलत नव्हता, हे कबूल करतो. पण त्यांनी जुना विषय काढला नाही. फी मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चोख घेतली.

आईचा फोटो त्यांनी पाहिला आणि परत दिला. आधी दुसऱ्याचे चित्र उतरवा, मग आई, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडे जुन्या कॅलेंडरचे एक पान होते. फ्रेंच चित्रकार रेन्वार याने १८८० साली रंगवलेली इरेन नावाची आठ वर्षांची मुलगी. पाठीवर मोकळे सोडलेले तांबूस केस, निळसर झगा, मांडीवर ठेवलेले इवलेसे हात, मागे गर्द हिरवी पाने. मी चौकटी आखल्या, रेखाटन मोठे करून घेतले, आणि गालाला भिडलो. पांढऱ्यात थोडा तांबडा, थोडा पिवळा, सावलीला तपकिरी. संध्याकाळपर्यंत त्या गोड पोरीच्या गालाचा चिखल झाला. पेंटरांनी लांबून पाहिले, डोळे बारीक केले, आणि एवढेच विचारले, की आधी कुठला रंग लावला होता? मला उत्तर देता येईना. छापील पानावर सगळ्यात शेवटी लावलेला रंग दिसतो. त्याच्या पोटात काय आहे, कोणता थर वाळू दिला आणि कोणता ओल्यातच पुसून घेतला, हे काही दिसत नाही.

त्या रात्री देव्हाऱ्यावरच्या लक्ष्मीकडे पाहताना मला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की हिला रंगवणाऱ्याला हा क्रम कोणी शिकवला असेल? मग रविवर्म्याविषयी मिळेल ते वाचायला लागलो. आणि लक्षात आले, की या माणसाचे सारे आयुष्य या एकाच प्रश्नाभोवती फिरले आहे.

रविवर्मा जन्मला २९ एप्रिल १८४८ रोजी, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरच्या वाड्यात. घराणे सरदारी, राजघराण्याशी सोयरीक असलेले. आई उमाअंबा कविता करणारी, वडील संस्कृतचे पंडित. घरात कथकळी, पुराणे, श्लोक यांचा राबता. मुलगा कोळशाने भिंती रंगवायचा. आपल्या घरात अशा मुलाच्या पाठीत धपाटा बसला असता. तिथे त्याच्या मामाने, राजा राजा वर्मा याने, त्या भिंती पाहिल्या आणि भाच्याला शिष्य करून घेतले. मामा चित्रे काढायचा ती तंजावर शैलीत. ही शैली तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने बहरली, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये. सपाट उजळ रंग, सोन्याचा वर्ख, देवांचे गोल गरगरीत चेहरे. त्या चित्रांत देव होता, वैभव होते. पण गालावर पडणारा उजेड आणि मानेखालची सावली नव्हती.

चौदाव्या वर्षी, १८६२ साली, मामाने त्याला त्रिवेंद्रमला राजदरबारी नेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांना मुलगा आवडला आणि त्यांनी त्याला ठेवून घेतले. तिथे त्याने युरोपातून आलेली चित्रे पाहिली. तैलरंग पाहिला. आणि त्याला वेड लागले.

आज दुकानात जाऊन आपण तैलरंगाची ट्यूब आणतो. रंगाची ही धातूची दाबायची ट्यूब निघाली १८४१ साली, आणि त्यामुळेच तेलातला रंग न सुकता दूरदूर नेता येऊ लागला. पण रंग हातात आला म्हणजे विद्या आली असे नव्हे. पाण्यातला रंग बघता बघता वाळतो. चूक असो वा बरोबर, तो तिथेच बसतो. तेलातला रंग दिवसेंदिवस ओला राहतो. त्यामुळे उजेडाची कडा सावलीत विरघळवता येते, आणि माणसाची कातडी कातडीसारखी दिसते. पण ओलेपणाचा फायदा घ्यायचा तर कशावर काय, हे माहीत हवे. खालचा थर पातळ, वरचा तेलकट, हा साधा नियम मोडला तर काही वर्षांत चित्राला भेगा पडतात. बिगारीपासून सगळे नियमाने चालणारे असे हे माध्यम आहे. अगदी बँकेसारखे.

दरबारात हे माहीत असणारा एक माणूस होता, मदुरेचा रामस्वामी नायकर. रविवर्म्याने त्याच्याकडे शिकण्याची इच्छा दाखवली. नायकराने ओळखले, की हा पोरगा उद्या आपली जागा घेईल. त्याने साफ नकार दिला. त्याचाच शिष्य अरुमुगम पिल्ले, त्याला मात्र या मुलाची कणव आली. गुरूला कळू न देता तो रात्री येऊन थोडेफार सांगून जाई, अशी हकिगत आहे. दिवसा दरबारी सरदारपुत्र, आणि रात्री दिव्याच्या उजेडात चोरून शिकणारा विद्यार्थी!

मग १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन व्यक्तिचित्रकार महाराजांची चित्रे काढायला आला. शिकवायला तोही तयार नव्हता. महाराजांनी शब्द टाकला, तेव्हा एवढीच सवलत मिळाली, की मी काम करत असताना मुलाने उभे राहून पाहावे. झाले! रविवर्म्याला तेवढेच हवे होते. पूर्ण झालेली चित्रे त्याने आधीही पाहिली होती. त्याला पाहायचा होता हात. कुंचला आधी कोणत्या रंगात बुडतो, कपाळावर कधी येतो, कधी थांबतो, चिंधीने काय पुसले जाते. तो पाहायचा, घरी जायचा, आणि पाहिलेले सगळे आपल्या कॅनव्हासवर पुन्हा करून बघायचा. चुकले की खरवडायचे, पुन्हा लावायचे. वीस वर्षांच्या त्या तरुणाने चित्राची नक्कल केली नाही, क्रमाची केली. माझ्या पेंटरांच्या प्रश्नाचे उत्तर तो असे उभ्या उभ्या शिकला.

इथे थोडे पॅरिसला जाऊन यायला हवे, कारण माझी इरेन तिथली. तिला रंगवणारा रेन्वार हा रविवर्म्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, शिंप्याचा मुलगा. तेराव्या वर्षी तो चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. काम काय, तर कपबशांवर फुले आणि जुन्या चित्रांतले चेहरे हुबेहूब उतरवायचे. हात बसला, चार पैसे मिळू लागले, आणि तेवढ्यात भांड्यांवर चित्रे छापणारी यंत्रे आली. कारागिरांची गरज संपली. मग हा मुलगा पंखे आणि पडदे रंगवू लागला, आणि परवाना काढून लूव्हरच्या संग्रहालयात जुन्या थोरांची चित्रे उतरवू लागला. ही हकिगत मी पेंटरांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, की त्या कारखान्याच्या यंत्राला कर्ज कोणी दिले होते? ते हसले, मीही हसलो. आमच्यातला तो विषय तेवढाच निघाला आणि तेवढ्यावरच मिटला.

तर इकडे १८७० साली रविवर्मा कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनाला गेला, एकेचाळीस दिवस उपासना केली, आणि परतताना कालिकतला एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र मेहनताना घेऊन काढले. उच्चकुलीन माणसाने चित्रे काढून पैसे घेणे हे त्या काळच्या समाजात सरळ नव्हते. पण त्याने कुंचला हा धंदा म्हणून पत्करला. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात, केसांत जाईजुईची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. तेच चित्र व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गौरवले गेले. पुढच्याच वर्षी, १८७४ च्या एप्रिलमध्ये, पॅरिसमध्ये रेन्वार, मोने आणि त्यांच्या मित्रांनी आपले पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. लोकांनी त्यांची थट्टा केली आणि इम्प्रेशनिस्ट हे नाव त्यांना चिकटले.

केवढी गंमत आहे पाहा. त्रावणकोरचा तरुण युरोपचा जो तपकिरी सावल्यांचा शिरस्ता जिवाचा आटापिटा करून शिकत होता, तोच शिरस्ता युरोपातले तरुण मोडीत काढत होते. सावली तपकिरी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, शेजारच्या पानाचा हिरवा असतो, असे ते रंगवून दाखवत होते. माझ्या हातून इरेनच्या गालाचा चिखल झाला, त्याचे कारण हेच. मी रविवर्म्याच्या वाटेने रेन्वारच्या घरी जायला निघालो होतो! पुढे कोणी रविवर्म्याला हिणवताना म्हणत, की तो युरोपची शिळी भाकरी खात होता. मला ते पटत नाही. ज्याला चुलीजवळ कोणी फिरकू दिले नाही, त्याच्यासाठी ती भाकरी ताजीच होती.

शिवाय त्याने ती कोणाला वाढली, हे पाहायला हवे. १८७६ च्या त्याच्या शकुंतलेच्या पत्रलेखनाच्या चित्राने मद्रासच्या गव्हर्नरालाच भुरळ घातली आणि त्याने ते विकत घेतले. गोऱ्या साहेबांची आणि राजांची व्यक्तिचित्रे करत तो सुखाने राहिला असता. पण १८८० साली त्रिवेंद्रमला गादीवर आलेल्या विशाखम तिरुनाळ यांच्याशी त्याचे बिनसले. दार बंद झाले की माणूस रस्त्यावर येतो, आणि रस्ता कधी कधी फार दूर नेतो. रविवर्म्याचा रस्ता मराठी मुलखाकडे आला.

त्याला बोलावणारा होता सर टी. माधवराव, तंजावरच्या मराठी घराण्यातला मुत्सद्दी. तो आधी त्रावणकोरचा दिवाण होता, तेव्हापासून तो रविवर्म्याला ओळखत होता. आता तो बडोद्याचा दिवाण होता. १८८१ च्या डिसेंबरात तरुण सयाजीराव गायकवाडांच्या हाती राज्यकारभाराची सूत्रे यायची होती, त्या निमित्ताने चित्रे हवी होती. पुढे सयाजीरावांनी रामायण, महाभारत आणि पुराणांतले प्रसंग मिळून चौदा चित्रांचे मोठे काम दिले. आणि इथे रविवर्म्यापुढे एक पेच उभा राहिला, जो कुठल्याही जेन्सनला पाहून सुटणारा नव्हता. दमयंतीने काय नेसावे? सीतेने पदर कसा घ्यावा? हा प्रश्न सोडवायला तो धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा याला घेऊन उत्तर हिंदुस्थान फिरला. भाऊ स्वतः उत्तम चित्रकार, निसर्गदृश्यात तरबेज, शिवाय नेमाने रोजनिशी लिहिणारा. शेवटी त्याच्या बहुतेक नायिकांच्या अंगावर आली ती साडी. आणि कितीएकींच्या अंगावर तर आपले नऊवारी लुगडे. केरळच्या चित्रकाराने युरोपच्या रंगात रंगवलेली पुराणातली स्त्री आपल्या आजीसारखे नेसलेली निघाली. गायिका अंजनीबाई मालपेकर तरुणपणी त्याच्यासाठी बसल्या होत्या, असे सांगतात.

ही चौदा चित्रे १८९० साली पुरी झाली. बडोद्याला कायमची जाण्याआधी ती त्रिवेंद्रमला आणि पुढे मुंबईला लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली. गर्दी लोटली. आणि त्या गर्दीत माधवरावांचा जुना सल्ला खरा ठरला. त्यांनी काही वर्षांपूर्वीच त्याला सुचवले होते, की एका माणसाच्या दोन हातांनी सगळ्यांची मागणी पुरी होणार नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत. रविवर्म्याने त्याच्याही पुढे पाऊल टाकले. चित्रे बाहेर पाठवण्याऐवजी त्याने छापखानाच इथे आणला. १८९४ साली मुंबईत, जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर घेऊन, भागीदारीत त्याचा प्रेस सुरू झाला. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे.

देवांची रंगीत चित्रे त्याआधी छापली जात नव्हती असे नाही. आपल्या पुण्याचा चित्रशाळा प्रेस १८७८ पासून ते काम करत होता. पण रविवर्म्याचे ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्राचा भास होईल असे छापकाम. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्या दगडावर कारागिराने हाताने उतरवलेला तेवढ्याच रंगाचा भाग, मग एकावर एक छाप, शेवटी वार्निश. म्हणजे पुन्हा तेच! आधी कुठला रंग, मग कुठला. ज्या विद्येसाठी त्याला दारोदार नकार मिळाले, तीच विद्या त्याने दगडावर मांडून घरोघर पोचवली. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली, सरस्वती आली. नायकराने दार लावून घेतले, रविवर्म्याने सगळी दारे उघडली. मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या चित्रांना पदके मिळाली, ती मला त्यानंतरची वाटतात.

पण बँकेतल्या माणसाला पुढची पाने वाचताना घाम फुटतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळाली, धंदे बसले. छापखाना हलवावा लागला, तो आला आपल्या मळवलीला. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लेण्यांच्या मध्ये, रेल्वेच्या काठी. यंत्रांचा खर्च, परदेशी कारागिरांचे पगार, डोक्यावर कर्ज. त्यात चित्रे लोकप्रिय झाली तशा त्यांच्या चोरट्या नकलाही निघू लागल्या. नक्कल करून जो शिकला, त्याचा धंदा नकलांनी पोखरला. चित्रकार म्हणून देशात पहिला, पण हिशेबाच्या वहीपुढे हताश. दोघे भाऊ राजेरजवाड्यांची कामे घ्यायचे, आणि त्यातला पैसा छापखान्याच्या खड्ड्यात ओतायचे. अखेर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला यंत्रसामग्री आणि चित्रे छापण्याचे हक्क यांसह तो प्रेस त्याच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लाइशरने, विकत घेतला. माझ्या नोकरीत मी अशी प्रकरणे पाहिली आहेत. मालकाकडे दृष्टी असते, तंत्रज्ञाकडे चिकाटी. आणि हप्त्याच्या तारखेला दृष्टी तारण म्हणून चालत नाही.

प्रेस मात्र चालला, वाढला. पुढे ज्यांनी आपल्याला सिनेमा दिला त्या दादासाहेब फाळक्यांनीही ऐन उमेदीत त्याच्यासाठी काम केले. आईच्या माहेरची लक्ष्मी निघाली ती बहुधा या नंतरच्या काळातली. १९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि तो खेळ आटोपला.

रविवर्म्याचे शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. पत्नी १८९१ सालीच गेली होती. १९०४ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण १९०५ च्या सुरुवातीला भाऊ गेला, जो त्याचा कारभारी होता, सोबती होता आणि अर्धा हातही होता. मधुमेहाने शरीर पोखरले होते. म्हैसूरच्या महाराजांचे काम त्याने तशातही केले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, ज्या गावी भिंतीवर कोळसा ओढला होता त्याच किळिमानूरला त्याने डोळे मिटले. त्यानंतर वारे फिरले. हॅवेल, आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या जाणकारांनी त्याची चित्रे परकी, नाटकी, उसनी ठरवली. पुढे पुन्हा वारे फिरले, आणि १९७९ साली त्याची चित्रे राष्ट्रीय ठेवा ठरून देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. या सगळ्या काळात आमच्या देव्हाऱ्यावरच्या लक्ष्मीपुढची उदबत्ती मात्र एक दिवस चुकली नाही.

एका रविवारी मी चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीला जाऊन आलो. तासाभराचा रस्ता. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत. डब्यात रात्रपाळी करून परतणारी मुले झोपलेली. मळवलीला उतरलो, तर बहुतेक सारे प्रवासी लोहगडावर निघालेले. मी फलाटाच्या बाकावर थोडा वेळ बसलो, विसापूरच्या डोंगराकडे पाहिले, आणि पुढच्या गाडीने परत आलो. पाहण्यासारखे मी काही पाहिले नाही. पण लहानपणी वाचलेल्या त्या एका ओळीचे ऋण होते, ते थोडे फेडल्यासारखे वाटले.

इरेन पुरी व्हायला मला आठ महिने लागले. तीनदा खरवडली. चौथ्या वेळी गालाच्या सावलीत आधी निळसर राखाडी, मग त्यावर गुलाबी, असा क्रम सापडला, आणि चिखलातून एक गाल वर आला. पेंटर काही बोलले नाहीत. फक्त आईचा फोटो आणायला सांगितला.

आईचा चेहरा त्या मानाने लवकर जमला. शिक्क्याखालचा कोपरा मी आठवणीतून भरला. पासबुकाच्या फोटोत हात नव्हते, म्हणून इरेनचे मांडीवरचे हात जसेच्या तसे घेतले. सवयीचे झाले होते ते. चित्र पुरे करून मोठ्या अभिमानाने पेंटरांपुढे धरले. त्यांनी डोळे बारीक केले, आणि विचारले, की साहेब, या हातांनी तुमच्या आईने कधी भाकरी थापली होती का?

मी घरी आलो, चित्र ईझलवर लावले आणि टर्पेंटाइनच्या चिंधीने ते गोरे, मऊ, इवलेसे हात पुसून टाकले. समोर नमुना नव्हता. छापील पान नव्हते, फोटो नव्हता. उजव्या अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग आठवत होता. बांगड्यांच्या वर सरकवलेली घड्याळाची पट्टी आठवत होती. रविवर्म्याला दमयंतीचे लुगडे ठरवताना जो एकटेपणा वाटला असेल, त्याचा एक कण त्या दुपारी माझ्या वाट्याला आला. दुसऱ्याने दाखवलेला क्रम इथपर्यंत आणून सोडतो. यापुढे माणसाला आपली माणसे आठवावी लागतात.

मी पॅलेट पुसून घेतली आणि स्वतःलाच विचारले, आधी कुठला रंग?